टलिव्हरांच्या मॅगीचं ऐकलंत का?

अहो, ऐकलंत का? या ना अशा कुंपणापाशी, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही ही. टलिव्हरांची मॅगी परत आली! पाचव्या दिवशी. एकटी. बोटात अंगठी नाही, बरोबर तो गेस्टांचा स्टीफन नाही. आणि सख्ख्या भावानं दारातूनच परत लावली. आत पाऊल टाकू दिलं नाही हो...

अशा काय बघताय? आपल्या आळीत टलिव्हर कुठले! सेंट ऑग्जचे, फ्लॉस नदीकाठचे, डॉर्लकोट गिरणीवाले. आमच्या सूनबाईला यंदा एम.ए.ला लागलंय ना ते पुस्तक, जॉर्ज एलियटबाईंचं, ‘द मिल ऑन द फ्लॉस’. १८६० सालचं. ती टेबलाशी नोट्स काढत बसते, मी शेजारी शेंगा सोलत. ती थीम नि सिम्बॉलिझम सांगायला लागली की मी म्हणते, ते राहू दे गं, तोंड कुणाचं पडलं ते आधी सांग.

तर काय सांगत होते... हां, मॅगी. पण मॅगी कळायला तिचं आजोळ कळलं पाहिजे. डॉडसन! अहो, काय तो तोरा. गूजबेरी बाटलीत कशी भरायची, मांस कसं खारवायचं, कुणी गेलं तर दुखवटा कसा पाळायचा, मृत्युपत्रात कुणाला किती ठेवायचं, सगळ्याला घराण्याची रीत. थोरल्या ग्लेगमावशी तर उत्तमातली लेस कपाटात ठेवणार आणि अंगावर जुनं घालून फिरणार. पुलेटमावशींचं निराळंच. त्यांना सतत काहीतरी दुखतंय. औषधाच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा टाकायच्या नाहीत, आपल्यामागं लोकांना दिसावं ना, बिचारीनं किती सोसलं ते! तिसऱ्या डीनमावशी, त्यांची ल्यूसी म्हणजे गोरीपान, कुरळ्या केसांची बाहुली. आणि बेसी म्हणजे मॅगीची आई. ह्या चौघीजणी एकत्र जमल्या की विषय एकच, मॅगीचे केस. काळी, केस सरळसोट, टलिव्हरांवर गेलेली पोर. शेवटी पोरीनं काय केलं असेल? वर जाऊन कात्री घेतली आणि कापून टाकले केस! मागचे राहिले ते टॉमनं कापले, आणि वर तोच खो खो हसला. ती तशीच जेवणाच्या खोलीत आली तेव्हा मावश्यांचे चेहरे काय झाले असतील... आईच्या हातचा ग्रेव्हीचा मोठा चमचासुद्धा भांड्यात पडला. पोर बापाच्या कुशीत शिरून रडली. बापाचा जीव होता हो तिच्यावर.

टॉमचा नव्हता असं नाही. पण त्याचा जीव म्हणजे हिशेबी. चुकलीस की शिक्षा, मग प्रेम. तो शाळेला गेला नि ही त्याच्या सशांना खायला घालायला विसरली, ससे मेले. झालं, बोलणं बंद. ही माळ्यावर जाऊन रडतेय, आणि हा खाली केक खातोय.

हुशारी मात्र सगळी हिच्याकडे गेली होती. बाप स्वतःच काळजीत, मुलीच्या जातीला एवढी अक्कल करायची काय? टॉमला धाडलं स्टेलिंग पाद्र्यांकडे, लॅटिन नि युक्लिड शिकायला. त्याच्या डोक्यात काही शिरेना. ही भेटायला गेली आणि चार दिवसांत त्याच्या पुस्तकातली लॅटिनची वाक्यं लावायला लागली. मोठ्या आशेनं मास्तरांना विचारलं, मला येईल ना हे? मास्तर म्हणे कसे, मुलींना चटकन येतं थोडंसं, पण खोल जात नाही. अहो, तो टॉम काय खूश झाला! आणि हिचा चेहरा... सूनबाईनं तिथं पेन्सिलीनं दोन रेघा मारल्यात. मी काही विचारलं नाही तिला. तिच्या भावाला इंजिनिअरिंगला घातलं तेव्हा हिला बी.ए. पुरे म्हणाले होते, ते आपल्याला माहीत आहेच.

बरं, मग ते कोर्टाचं झालं. टलिव्हरांचा स्वभावच तसा, पाणी कुणी वरून अडवलं की चालले कोर्टात. समोर वेकम वकील. खटला हरले, गिरणी गहाण, आणि त्याच झटक्यात घोड्यावरून पडले ते अंथरुणालाच खिळले. टॉम सोळा वर्षांचा, मॅगी तेरा. घरातल्या सामानाचा लिलाव! आईला दुःख कशाचं, तर माहेरचं नाव घातलेले टेबलक्लॉथ परक्याच्या घरी जाणार ह्याचं. मावश्या आल्या, बसल्या, आणि एकेकीनं आपल्याला काय हवं ते सांगितलं. भांडी, चादरी. रोख मदत? छे! बहिणीला चार उपदेशाचे शब्द दिले, ते काय कमी आहेत?

आता हे ऐका, हे मला फार आवडलं. बेसीबाईंना वाटलं, आपण चतुराई करू. कुणाला न सांगता गेल्या वेकम वकिलाकडे. म्हणाल्या, माझ्या बहिणीचे यजमान गिरणी घ्यायच्या विचारात आहेत, तेवढी तुम्ही घेऊ नका बरं का. वकिलाच्या डोक्यात तोवर गिरणी घ्यायचं नव्हतंच! ह्यांनी सांगितल्यावर आलं. घेतली त्यानं, आणि टलिव्हरांनाच तिथं पगारी नोकर ठेवलं. ज्याचा तळतळाट केला त्याच्याच चाकरीत. म्हातारे काय करणार? टॉमकडून घरच्या बायबलमध्ये लिहून घेतलं, वेकमला कधी माफ करणार नाही म्हणून. मॅगी रडून सांगतेय, असलं काही लिहू नका. ऐकतो कोण? टॉमनं लिहिलं, खाली सही केली.

आणि इथं मी सूनबाईला थांबवलं. म्हटलं, हे लिहून घे. टॉमला कर्तव्य मिळालं ते कसलं? कर्ज फेडण्याचं. कठीण होतं, पण त्याला आकडा होता. तो डीनमावसोबांकडे नोकरी मागायला गेला, ते म्हणाले, लॅटिन घेऊन काय करू, हिशेब येतो का? तोंड उतरलं पोराचं, पण रात्री बसून हिशेब शिकला. त्या फेरीवाल्या बॉब जेकिनच्या नादानं ग्लेगमावसोबांचे पैसे धंद्यात घातले, माल बाहेर पाठवला, एकेक पौंड साठवला. आणि एक दिवस बापाला म्हणाला, बँकेत माझे ३२० पौंड आहेत. बापानं पत्र्याच्या डब्यात साठवलेले होते १९३. झालं, कर्ज फिटलं! सावकारांना हॉटेलात जेवण दिलं, भाषणं झाली, टॉमची वाहवा झाली. म्हणजे बघा, त्याच्या कर्तव्याला सुरुवात होती, शेवट होता, आणि शेवटी टाळ्या होत्या.

मॅगीच्या कर्तव्याला काय होतं? नुसतं ‘नको’. हे वाचू नकोस, तिकडे जाऊ नकोस, त्याच्याशी बोलू नकोस. कर्ज फेडायला शिवणकाम करीन म्हणाली, बाहेरून काम आणलंन, तर भाऊ चिडला, घराण्याची लाज काढतेस म्हणून. सगळं सोडून द्यायचं, आणि किती सोडलं म्हणजे पुरे, ते कुणी सांगायचं नाही. तिनं मग त्या थॉमस अ केम्पिस संन्याशाचं जुनं पुस्तक धरलं, बॉबनंच आणून दिलेलं. एवढीशी पोर, आरशात बघायचीसुद्धा बंद झाली. आमची सूनबाई म्हणते, आई, हा पॉइंट कुठल्याच गाइडमध्ये नाही. म्हटलं, गाइडवाल्यांनी कधी कुणाची धुणीभांडी केली आहेत का?

तर काय सांगत होते... हो, फिलिप! विसरतेय की काय मी. वेकम वकिलाचा मुलगा, पाठीला कुबड, पण काय चित्रं काढतो, काय गातो! टॉमबरोबर स्टेलिंगांकडेच होता शिकायला. तो मॅगीला रेड डीप्सच्या झाडीत भेटायचा, चोरून, जवळजवळ वर्षभर. पुस्तकं आणून द्यायचा. वाईट काही नाही हो, बोलायचे दोघं, एवढंच. पण नाव वेकम ना! आणि फुटलं कसं? पुलेटमावशी. त्यांना काहीसुद्धा माहीत नव्हतं. चहाला बसल्या, आणि आपल्या सहज म्हणाल्या, परवा रेड डीप्सशी तो वेकमचा कुबडा पोरगा झाडीतून येताना दिसला. मॅगीचा चेहरा लालबुंद. चमचा बशीत वाजला की काय कोण जाणे, पण टॉमनं पाहिलं. तेवढं पुरलं त्याला. दुसऱ्या दिवशी बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, फिलिपला एकटीनं भेटणार नाहीस म्हणून. नाहीतर बाबांना सांगतो. आणि जाऊन त्या फिलिपला काय काय बोलला... त्याच्या पाठीवरून! ते मला मुळीच नाही आवडलं. पण मॅगी त्या दिवशी जे बोलली ना भावाला, तुला आपल्यात खोट दिसतच नाही म्हणून, ते मात्र बरोबर झालं.

पुढं बाप गेला. कर्ज फिटलं त्याच दिवशी वाटेत वेकम दिसला, ह्यांनी चाबूक उगारला, मारलं, आणि घरी येऊन पडले ते उठलेच नाहीत. जाताना टॉमला सांगितलं, गिरणी परत घे, बहिणीला जप.

गिरणी परत आली बरं का! आणि कुणामुळं आली ते ऐका. फिलिपमुळं. त्यानं बापाचं मन वळवलं, माझं मॅगीवर प्रेम आहे म्हणाला, म्हातारा भडकला, मग निवळला, आणि गिरणी गेस्ट कंपनीला विकायला तयार झाला. टॉम तिथं मॅनेजर. म्हणजे ज्या प्रेमाला टॉमनं शपथेचं कुलूप घातलं, त्याच प्रेमानं त्याची गिरणी घरी आली. पण टॉमनं शपथेतून सोडवलं का बहिणीला? म्हणाला, तुला मोकळीक आहे, पण मग मी तुझा भाऊ नाही.

आणि मग तो स्टीफन, ल्यूसीशी जमत आलेला. काय बाई दिसलं हिला त्याच्यात, अत्तर नि अंगठी? सूनबाई म्हणते त्यावर मोठमोठ्या लोकांचे वाद आहेत, स्विनबर्न कवीलासुद्धा राग आला होता म्हणे त्या प्रकरणाचा. मी म्हणते, वाद कसला? एवढी वर्षं उपाशी ठेवलेलं माणूस समोर वाढलेलं ताट कुणाच्या घरचं, ते बघतं का? पण ताट ल्यूसीचं होतं हो! आपल्या मावसबहिणीचं. तिच्याच घरी पाहुणी आली होती मॅगी. होडीतून फिरायला निघाले दोघं, गप्पांत उतरायचं ठिकाण मागं पडलं, मग डच जहाजावर चढले, रात्र झाली... सकाळी हिला जाग आली. मडपोर्टला उतरून स्टीफनला सरळ सांगितलं, मी लग्न करणार नाही. ल्यूसीच्या आणि फिलिपच्या दुःखावर माझा संसार नको. आणि आली परत.

आता गंमत बघा सेंट ऑग्जच्या बायकांची. ही लग्न करून, नवे कपडे घालून परतली असती, तर चार दिवस कुजबुजून सगळ्या चहाला गेल्या असत्या. पण बिनलग्नाची आली, म्हणजे वाईटच! सुटून आली त्याचीच शिक्षा. स्टीफननं पत्र लिहिलं, दोष माझा म्हणून. तरी नाही. पाद्री केनसाहेबांनी मुलांना शिकवायला ठेवलं तर, अगबाई, आता पाद्र्यालाच गटवतेय! शेवटी त्या भल्या माणसालाही सांगावं लागलं, तू गाव सोड. मी काही त्या बायकांसारखी नाही हं. मी फक्त झालं तेवढं सांगते.

आणि सगळ्यात मोठा धक्का कुणी दिला असेल? ग्लेगमावशींनी! ज्यांनी जन्मभर मॅगीला नावं ठेवली, त्या टॉमवर उलटल्या. नीट चौकशी न करता बहिणीला घराबाहेर काढतोस? रक्ताच्या माणसामागं उभं नाही राहायचं तर कुणामागं? यजमान बघतच राहिले त्यांच्याकडे. आणि ती बेसीबाई, टेबलक्लॉथवर रडणारी, भावानं दार लावलं तेव्हा लेकीपाठोपाठ बाहेर पडली. मी येते तुझ्याबरोबर म्हणाली. कोण कधी कामाला येईल, सांगता येत नाही बाई.

आता तुम्ही म्हणाल, टॉम मेला दुष्टच. थांबा. बॉब जेकिननं मॅगीला हळूच काय सांगितलं होतं, ते ऐका. टॉम त्याच्याकडे भाड्यानं राहायचा, संध्याकाळी विस्तवाकडे बघत एकटाच बसायचा. आणि ल्यूसीसाठी एक छोटं कुत्रं मिळवायला त्यानं केवढी खटपट केली होती. कळलं ना? टॉमच्या मनात ल्यूसी होती हो! तोंडातून अवाक्षर नाही. कर्ज फेडायचं होतं, गिरणी आणायची होती, आणि ल्यूसी गेस्टांच्या घरी जाणार हे त्यालाही दिसत होतं. मॅगीनं होडीत जे केलं ते त्याच ल्यूसीचं काळीज फाडून. मग दार लावताना त्याच्या मनात नुसती घराण्याची अब्रू होती, असं कसं म्हणू मी? मॅगीची इच्छा गावभर झाली, टॉमची कुणाला कळलीच नाही. दार लावतानासुद्धा म्हणाला, काही लागलं तर आईला सांग, पैसे देईन. पैसे देईन, पण घरात घेणार नाही!

मग तो पूर. बॉबच्या घरून होडी घेऊन रात्री एकटी निघाली, गिरणीत अडकलेल्या भावाकडे. त्याला होडीत घेतलं, तेव्हा कुठं त्याला उमगलं. लहानपणचं नाव घेऊन हाक मारली हो तिला... आणि वरून वाहत आलेल्या लाकडी सांगाड्याखाली दोघंही गेली. एकमेकांना धरून.

लोक म्हणतात शेवट घाईत उरकला, पूर आयता आणला. बाईंनीसुद्धा कबूल केलंय की बालपणातच रमले, शेवटाला जागा कमी पडली. पण पूर आयता नव्हता. पुस्तक पुरतं सुरूही नव्हतं झालं, १८५९च्या जानेवारीत, तेव्हा बाई जुन्या वार्षिकांतून पुराच्या हकिकती शोधत होत्या. मग गेन्सबरोला जाऊन ट्रेंट नदी बघून आल्या. बुडवायचं ठरवूनच बसल्या होत्या. का, ते सांगते. जरा जवळ या.

जॉर्ज वगैरे कुणी नव्हतंच. मेरी ॲन इव्हान्स, वॉरिकशरची. आणि तिला होता एक भाऊ, आयझॅक, तीन वर्षांनी मोठा. लहानपणी ही त्याच्या मागंमागं. पुढं ही १८५४मध्ये ल्यूइस नावाच्या एका साहेबांबरोबर राहायला लागली. त्यांची पहिली बायको हयात, आणि तिला दुसऱ्यापासून झालेल्या मुलांना त्यांनी आपलं नाव दिलं होतं, म्हणून कायद्यानं घटस्फोट मिळेना. १८५७मध्ये हिनं भावाला कळवलं. भावानं स्वतः उत्तरसुद्धा लिहिलं नाही, वकिलाकरवी विचारलं, लग्न कुठं झालं? कायद्यानं झालेलं नाही कळल्यावर बोलणं बंद. आणि बहिणींनाही बंद करायला लावलं! क्रिसी नावाची सख्खी बहीण, क्षयानं आजारी. तिनं १८५९च्या फेब्रुवारीत पत्र पाठवलं, तुझ्याशी संबंध तोडले ह्याचं वाईट वाटतं म्हणून. मार्चमध्ये गेली. आणि त्याच वर्षी बाई हे पुस्तक लिहीत होत्या. नाव आधी काय ठरलं होतं माहितेय? ‘सिस्टर मॅगी’. ते बदलून गिरणीचं नाव प्रकाशक ब्लॅकवुडनं सुचवलं.

आयझॅकनं पुढं लिहिलं का पत्र? लिहिलं ना! १८८०मध्ये. ल्यूइस वारले होते, आणि बाईंनी वीस वर्षांनी लहान जॉन क्रॉसशी चर्चमध्ये रीतसर लग्न केलं, तेव्हा. अभिनंदनाचं! तेवीस वर्षांत बहिणीची पुस्तकं जगभर गेली, तेव्हा नाही. ल्यूइस गेले, ही एकटी पडली, तेव्हा नाही. रजिस्टरात सही झाली, तेव्हा सुचलं. आणि हिनं काय करावं? प्रेमानं उत्तर पाठवलं. मी असते ना... जाऊ दे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाई गेल्या. हायगेटच्या दफनाला आयझॅक हजर होता.

तेव्हा सूनबाईला मी सांगून ठेवलंय, परीक्षेत ‘टॉम बरोबर की मॅगी’ असा प्रश्न आला तर दोघांपैकी एकाला आरोपी करू नकोस. ज्या घरानं एकाला फक्त कर्तव्य वाटून दिलं आणि दुसरीला फक्त ‘नको’ सांगितलं, त्या घरावर लिही. आणि अहो, तुमचा धाकटा नि तुमची चिंगी दोघंही आता दहावी-बारावीला आलेत ना? क्लासची फी कुणाची भरली आणि कुणाला म्हणालात बघू पुढं, ते मी काही विचारत नाही. पण पुस्तक सूनबाईची परीक्षा झाली की नेऊन वाचा. आणि ते ल्यूसीच्या कुत्र्याचं पान घाईत उलटू नका.